नाकातली गाठ कॅन्सरची निघाली, पण लवकर सापडली: ऑपरेशन आणि रेडिएशनसाठी मार्गदर्शक

नाकाच्या पोकळीतली गाठ कॅन्सरची आहे असा रिपोर्ट हातात पडला की घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'लवकरात लवकर काढून टाका.' वाटणं साहजिक आहे. पण या आजारात पहिलं ऑपरेशन नीट ठरवून झालं नाही, तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. म्हणून नेमकं निदान, पूर्ण स्कॅन आणि सर्जन व रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट यांचं एकत्र बोलणं, यासाठी एक-दोन आठवडे लागले तर ते वाया गेले असं समजू नका. हा लेख नुकतंच निदान झालेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्यासोबत धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेत नाही, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे यातून कळावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. नाकाची पोकळी आणि सायनस मिळून होणारे कॅन्सर हे एकूण कॅन्सरच्या १ टक्क्यापेक्षाही कमी आहेत, आणि डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये त्यांचा वाटा साधारण ३ ते ५ टक्के असतो. त्यामुळे चांगल्या कान-नाक-घसा तज्ज्ञानेही असे रुग्ण मोजकेच पाहिलेले असतात. शिवाय आजार इतका विरळ की मोठमोठ्या चाचण्या करून उपचारांची थेट तुलना करणंच कठीण. दोन अनुभवी डॉक्टर वेगळं सांगतात तेव्हा दोघांपैकी एक चुकतोच आहे असं नसतं. उपचार शक्यतो अशा ठिकाणी घ्या, जिथे डोकं-मानेच्या कॅन्सरची टीम आहे आणि कवटीच्या तळाची दुर्बिणीची ऑपरेशनं नेहमी होतात. गावापासून लांब असलं तरी किमान उपचारांची योजना तरी तिथून ठरवून घ्या.

पायरी १: स्टेज खरंच सुरुवातीची आहे का, ते पाहा

एकाच नाकपुडीतून श्वास अडणं, त्याच बाजूने पुन्हापुन्हा घोळणा फुटणं, रक्ताळलेला शेंबूड, वास कमी येणं. सुरुवातीची लक्षणं इतकी साधी असतात की महिनोन्महिने ती सर्दी आणि अ‍ॅलर्जीच्या नावावर खपतात. साधी सर्दी आणि अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना त्रास देते. सतत एकाच बाजूला होणारा त्रास म्हणजे दुर्बिणीने तपासून घ्यायची खूण. गाल बधिर होणं, एकाचं दोन दिसणं, डोळा पुढे येणं, वरचे दात हलणं ही लक्षणं असतील तर गाठ नाकाबाहेर गेली असण्याची शंका घ्यावी लागते.

रिपोर्टवर टी१ किंवा टी२ आणि एन० असं लिहिलेलं असेल तर आजार सुरुवातीचा आहे. टी१ म्हणजे गाठ नाकाच्या पोकळीतल्या एकाच भागात आहे: पडदा, तळ, बाजूची भिंत किंवा नाकपुडीचं तोंड यांपैकी एका ठिकाणी. टी२ म्हणजे ती दोन भागांत किंवा शेजारच्या, दोन डोळ्यांमधल्या एथमॉइड सायनसमध्ये पोचली आहे. एन० म्हणजे मानेतल्या लिम्फच्या गाठींमध्ये आजार पसरलेला नाही. स्कॅनमध्ये 'हाड कुरतडलं आहे' असा शब्द दिसला की लोकांचं अवसान गळतं, पण नाकातलं पातळ हाड थोडं कुरतडलेलं असूनही गाठ टी१ असू शकते. घाबरायच्या आधी विचारा.

याला एक मोठा अपवाद आहे. नाकाच्या आतल्या त्वचेचा मेलेनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) कितीही छोटा असला तरी त्याची स्टेज टी३ पासूनच सुरू होते, कारण तो वागायलाच आक्रमक असतो. आणि वासाच्या मज्जातंतूंपाशी होणाऱ्या एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा या गाठीसाठी बरेच डॉक्टर स्टेज सांगायला १९७६ पासून वापरात असलेली कॅडिश पद्धत वापरतात: ए म्हणजे फक्त नाकात, बी म्हणजे सायनसपर्यंत, सी म्हणजे त्यापलीकडे.

पायरी २: गाठीचं नाव नक्की करून घ्या

माझ्या मते अख्ख्या उपचारातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. नाकाच्या पोकळीएवढ्या लहानशा जागेत गाठींचे इतके प्रकार होतात, की 'नाकाचा कॅन्सर' एवढं म्हणून काहीच कळत नाही.

सगळ्यात जास्त आढळतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा एक प्रकार लाकडाच्या आणि चामड्याच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होतो. इंग्लंडमधल्या हाय वायकोम्ब परिसरातल्या फर्निचर कारागिरांमध्ये तो १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आला, आणि आज लाकडाची धूळ कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून नोंदलेली आहे. तुमचं काम असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हळू वाढतो, पण मज्जातंतूंच्या कडेने सरकत दूर जातो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी गाठ छोटी असली तरी उपचाराचा पट्टा मोठा घ्यावा लागतो.

काही गाठींवर मात्र ऑपरेशन हा मुख्य उपचारच नसतो. नाकातल्या लिम्फोमावर (लिम्फ पेशींचा कॅन्सर) केमो आणि रेडिएशन चालतं, तिथे सर्जनचं काम तपासणीसाठी पुरेसा तुकडा (बायोप्सी) काढून देणं एवढंच. प्लाझ्मासायटोमा, म्हणजे प्लाझ्मा पेशींची गाठ, तर बहुतेक वेळा एकट्या रेडिएशनने आटोक्यात येतो. आता विचार करा, नाव चुकलं आणि लिम्फोमासाठी नाकाची भिंत काढली गेली तर?

सूक्ष्मदर्शकाखाली यातल्या कितीतरी गाठी सारख्याच दिसतात, लहान, गोल, निळसर पेशींचे झुबके. त्यांना वेगळं ओळखायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे विशिष्ट रंगद्रव्यांच्या चाचण्या लागतात. म्हणून तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि डोकं-मानेच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून एकदा पुन्हा तपासून घ्या. ते मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पायरी ३: सीटी आणि एमआरआय, दोन्ही

अनेकदा एकच स्कॅन करून काम भागवलं जातं. पण दोन्हींची कामं वेगळी आहेत. सीटी हाडाचं चित्र दाखवतो: कवटीचा तळ शाबूत आहे का, डोळ्याच्या खोबणीची भिंत तुटली आहे का. गाठीमुळे वाट बंद झालेल्या सायनसमध्ये पाणी साचतं, आणि सीटीवर गाठ कुठे संपते आणि साचलेलं पाणी कुठे सुरू होतं हे नीट कळत नाही. ते एमआरआय सांगतो. मज्जातंतू किंवा मेंदूच्या आवरणाकडे आजार सरकलाय का, हेही त्यातच दिसतं. सीटीवर टी३ वाटलेली गाठ एमआरआयनंतर टी१ निघू शकते. मानेची तपासणी सोबत होतेच, आणि गाठीचा प्रकार आक्रमक असेल तर पेट स्कॅनही सांगितला जातो.

तुकडा शक्यतो स्कॅन पाहून मगच काढावा. नाकातली काही मांसवाढ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते, तर काही चक्क मेंदूच्या आवरणाचा खाली उतरलेला भाग असते. न बघता चिमटा लावणं धोक्याचं.

पुष्कळ जणांच्या बाबतीत मात्र क्रम उलटा झालेला असतो: पॉलिप, म्हणजे साधी मांसवाढ, समजून ऑपरेशन झालं, आणि आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट कॅन्सरचा आला. असं झालं असेल तर तीन गोष्टी लगेच मिळवा. पहिली, ऑपरेशनच्या आधीचा सीटी, सीडीसकट, कारण गाठ मुळात केवढी होती याचा तोच पुरावा. दुसरी, ऑपरेशनची लेखी नोंद. गाठ नाकात कुठे चिकटलेली होती, तिचं मूळ कुठे होतं, हे त्या सर्जनला अजून आठवत असतं, तेव्हा तो आठवून लिहून देत असेल तर तेही घ्या. तिसरी, काढलेला सगळा नमुना पॅथॉलॉजीला गेला होता का याची खात्री. मग नव्याने एमआरआय होतो, आणि बहुतेक वेळा मुळाची जागा पुन्हा नीट काढण्याचं ऑपरेशन सुचवलं जातं. 'एकदा काढलं आहे, आता नुसतं रेडिएशन देऊ' असं कुणी म्हटलं तर त्याचं कारण विचारा. ते कधी बरोबर असतं, पण नेहमी नाही.

पायरी ४: ऑपरेशन, रेडिएशन की दोन्ही?

सुरुवातीच्या स्टेजला हा खरा कळीचा प्रश्न. लोकांना वाटतं दोन्ही घेतलं म्हणजे जास्त सुरक्षित. तसं नसतं. एका उपचाराने काम होत असेल तर दुसऱ्याचे दुष्परिणाम उगाच का सोसायचे? निर्णय तीन गोष्टींवर होतो: गाठ कुठे आहे, कसली आहे, आणि काढल्यावर कडा मोकळ्या आल्या का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर नाही ना.

नाकपुडीच्या तोंडाशी, म्हणजे जिथे केस असतात त्या भागात छोटी स्क्वॅमस गाठ असेल तर एकट्या रेडिएशनचा निकाल उत्तम येतो. ते बाहेरून देता येतं किंवा ब्रॅकीथेरपीने, म्हणजे गाठीतच बारीक नळ्या बसवून. तिथे ऑपरेशन करायचं तर नाकाचा दिसणारा भाग जाऊ शकतो, म्हणून रेडिएशनचं पारडं जड होतं. अगदी छोटी, वरवरची गाठ मात्र कापूनही सहज निघते.

पडद्यावरची छोटी गाठ पडद्याच्या त्या भागासकट काढता येते. बाहेरून काहीच दिसत नाही. बाजूच्या भिंतीवरची गाठ बहुतेक वेळा दुर्बिणीतून निघते. नाकाच्या छतापाशी, वासाच्या भागात असलेली गाठ काढताना कवटीच्या तळाचा पातळ तुकडाही काढावा लागतो, आणि तिथे सर्जनच्या अनुभवाला पर्याय नाही.

ऑपरेशननंतर रेडिएशन टाळता येईल का? टी१ गाठ, सौम्य ग्रेड (पेशी कमी आक्रमक दिसणं), कडा मोकळ्या, मज्जातंतूंत शिरकाव नाही, असं सगळं जुळलं तर पुष्कळ टीम नुसत्या देखरेखीवर ठेवतात. कडेवर किंवा कडेलगत गाठ, वरची ग्रेड, पेरिन्यूरल इन्व्हेजन (मज्जातंतूंत शिरकाव), अ‍ॅडेनॉइड सिस्टिक किंवा एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा असेल तर सहसा रेडिएशन सांगितलं जातं. केमोची गरज या स्टेजला बहुतेकांना पडत नाही. कडेवर गाठ राहिली असेल तर तो विषय निघतो.

भेटीत एवढं थेट विचारा: 'माझी केस ट्यूमर बोर्डापुढे गेली का? रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टनी ऑपरेशनच्या आधी मला पाहिलं का?' (ट्यूमर बोर्ड म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून केसवर चर्चा करणं.) उत्तर नाही असेल तर आधी ते करून घ्या. गाठ काढून झाल्यावर रेडिएशनतज्ज्ञाला मोकळी जागाच दिसते. आधी पाहिलं असेल तर नेमकी कुठे होती हे त्याला माहीत असतं.

पायरी ५: ऑपरेशन

पूर्वी यासाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर चीर द्यावी लागायची, आणि काही गाठींसाठी आजही लागते. आता सुरुवातीच्या बहुतेक गाठी नाकपुडीतून दुर्बिणीने निघतात. 'तुकड्यातुकड्याने काढली' हे ऐकून दचकू नका. नाकाच्या पोकळीत लोंबणारा भाग आधी कमी करून, मग गाठ जिथे रुजली आहे ती जागा भोवतीच्या निरोगी पट्ट्यासह काढतात. मूळ पूर्ण निघालं का, हेच महत्त्वाचं. ऑपरेशन चालू असतानाच कडांचे नमुने फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे गोठवून लगेच तपासायला, पाठवले जातात आणि उत्तर येईपर्यंत टीम थांबते.

कवटीच्या तळाला भोक पडलं तर ते तिथेच बुजवतात. त्यासाठी नाकाच्या पडद्यावरची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून तिथे बसवतात. गाठ पडद्यावरच असेल तर ही त्वचा वापरता येत नाही, मग मांडीचं आवरण किंवा दुसरं काही घ्यावं लागतं. हे आधीच विचारून ठेवलं तर शुद्धीवर आल्यावर मांडीवरची पट्टी बघून धक्का बसत नाही.

घरी आल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. जड उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, झोपताना डोकं थोडं उंच. नाक धुणं सर्जन सांगेल त्या दिवसापासूनच सुरू करा. कवटीचा तळ शिवलेला असेल तर विमानप्रवासही विचारूनच.

एका खुणेवर बारीक लक्ष ठेवा. पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ टपटप गळतंय, किंवा घशात खारट पाणी उतरतंय असं वाटलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. थोडं स्वच्छ बाटलीत धरून ठेवा, बीटा-२ ट्रान्सफेरिन चाचणीने ते ओळखता येतं, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तापासह तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, डोळ्याला सूज, नजर कमी होणं, न थांबणारं रक्त यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

पायरी ६: रेडिएशनची तयारी

ऑपरेशननंतर रेडिएशन लागणारच असेल तर ते साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. म्हणजे फायनल पॅथॉलॉजी रिपोर्टची वाट बघतानाच दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाका. वरच्या जबड्याला रेडिएशन लागलं की नंतर दात काढल्यावर हाड भरून येणं अवघड जातं. किडलेला, हलणारा दात आधी काढून जखम भरायला निदान १० ते १४ दिवस मिळाले पाहिजेत.

मग मास्क. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची शीट चेहऱ्यावर ताणून बसवतात. कोमट, ओलसर लागते, आणि काही मिनिटांत चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. जाळीतून श्वास घेता येतो, पण डोकं हलवता येत नाही. अनेकदा दातांत एक ठोकळा धरायला देतात, म्हणजे जीभ खाली दाबली जाते आणि टाळूपासून लांब राहते. नाकपुडीच्या तोंडाची गाठ असेल तर नाकात ओला गॉज किंवा मेण भरतात, कारण पोकळीत हवा असली की डोस सारखा बसत नाही. बंद जागेची भीती वाटत असेल तर ती पहिल्याच दिवशी टेक्निशियनला सांगा. नाक चोंदलेलं असेल तर तेही सांगा. आधी धुऊन, खपल्या काढून मोकळं करता येतं.

पुढची काही दिवस चालणारी आखणी म्हणजे डोळे वाचवण्याचं काम. ऑपरेशननंतरचा ठरलेला डोस ६० ते ६६ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे ६ ते साडेसहा आठवडे. एकट्या रेडिएशनने उपचार असेल तर ६६ ते ७० ग्रेपर्यंत. डोळ्याची नस आणि दोन्ही नसा जिथे एकत्र येतात ती जागा मात्र साधारण ५४ ग्रेच्या आत ठेवायची असते, आणि ती नाकाच्या छतापासून फार लांब नसते. आयएमआरटी या तंत्राने, म्हणजे किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करून, डोस असा वळवता येतो. प्रोटॉन किरणांच्या रेडिएशनचा फायदा गाठ डोळ्याजवळ किंवा मेंदूजवळ असेल तेव्हा जास्त, पुढच्या भागातल्या छोट्या गाठीसाठी तो किती होईल हे विचारूनच त्यामागे धावा. विचारायचा नेमका प्रश्न असा: 'माझ्या प्लॅनमध्ये दोन्ही डोळ्यांच्या नसांना किती डोस जातोय?' लेन्सला मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन करता येतं. नसेची इजा भरून येत नाही.

पायरी ७: रेडिएशनचे आठवडे

रोजचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, आणि दुखत काहीच नाही. पहिले दोन आठवडे बहुतेकांना वाटतं की आपल्याला काही होणार नाही. त्रास साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चढतो: नाक आतून सोलल्यासारखं, घट्ट खपल्या, थोडं रक्त, टाळू आणि घसा हुळहुळणं, चव-वास बदलणं, थकवा. उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे तो वाढतच राहतो, मग उतरतो. हे माहीत नसलं की 'आता तर संपलं, मग त्रास का वाढतोय' म्हणून माणूस हबकतो.

यात सगळ्यात उपयोगी पडतं ते नाक धुणं, दिवसातून दोन ते चार वेळा. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. नळाचं कच्चं पाणी कधीही नाही, त्यातले काही जंतू नाकावाटे थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. मोठ्या मऊ बाटलीने, पुढे वाकून, हलक्या हाताने. खपली बोटाने ओढू नका, खाली कच्ची त्वचा असते आणि घोळणा फुटतो. धुतल्यानंतर डॉक्टरांनी दिलेलं जेल किंवा मलम लावा. चेहऱ्यावर वस्तऱ्याऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर वापरा, सुगंधी क्रीम नको. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करा.

धूम्रपान सुरू ठेवलं तर रेडिएशनचा परिणाम घटतो आणि त्रास वाढतो. इथे सवलत नाही.

मधले दिवस चुकवू नका. ताप आला, मशीन बंद पडलं, घरात काही झालं, तरी त्याच दिवशी कळवा म्हणजे चुकलेला डोस भरून काढायची सोय करता येते.

पायरी ८: नंतरची देखरेख

पहिला एमआरआय उपचार संपल्यावर साधारण ३ महिन्यांनी. त्याआधी केला तर सूज आणि आजार यांतला फरक कळत नाही. पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी दुर्बीण, दुसऱ्या वर्षी दर २ ते ६ महिन्यांनी, मग अंतर वाढत जातं. नाकाचे भाग आत एकमेकांना चिकटू नयेत म्हणूनही या भेटी लागतात.

वास कायमचा गेला असेल तर घरात धुराचा आणि गॅसचा अलार्म बसवा आणि शिळं अन्न वासावर नाही, तारखेवर पारखा. डोळे कोरडे पडत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, अश्रूग्रंथीला डोस गेलेला असू शकतो. दोन-तीन वर्षांनी कारण नसताना थकवा, वजन वाढणं, पाळी बदलणं, थंडी सोसवेनाशी होणं सुरू झालं तर पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) हार्मोन्सची रक्ततपासणी मागून घ्या. मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी दर ६ ते १२ महिन्यांनी हवी.

पाच वर्षं झाली म्हणून फाइल बंद करू नका, विशेषतः एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमा आणि अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असेल तर. हे दोन्ही दहा वर्षांनंतरही परत आल्याची उदाहरणं आहेत. स्कॅनच्या सीडी, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि रेडिएशन प्लॅनचा डोस-नकाशा एकत्र जपून ठेवा. त्याच भागात पुन्हा उपचार करायची वेळ आली, तर कुठल्या अवयवाला आधी किती डोस गेला आहे हे नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळतं.